झेड नसला तरी बी चालतंय

मुरुडच्या गुणाबाईशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं आणि ही बाई आता आपल्यावर चाल करून येणार. तसं काही नसतं. ती फक्त "ज्वारी बारीक पायजे का मध्यम?" एवढंच विचारत असते. निम्मं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलं. मोटारीच्या आवाजावर आपला आवाज चढवता चढवता तो वरच राहिला, खाली यायचं विसरून गेला. कानांचीही तीच तऱ्हा. अगदी बहिरी नाही, पण समोरच्याचं बोलणं तिला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ती स्वतःच्या मनानं भरून घेते. बहुतेक वेळा बरोबर भरते. नवरा गेल्यावर गिरणी तिनं एकटीनं चालवली, मुलाला वाढवलं, त्याचं लग्न लावलं, रेणापूरकडचं शेत बटईनं दिलं, आणि या सगळ्यात "आता मी काय करू?" असं तिनं कुणाला विचारलेलं कुणाच्या ऐकिवात नाही. त्यामुळं हीच गुणाबाई नांदेडच्या एका दुकानात चार डबे मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला काही म्हणजे काहीही कळत नव्हतं, हे मुरुडात सांगितलं तर लोक हसतील आणि सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतील.

डबे होते कॉम्प्युटरच्या भागांचे, आणि कॉम्प्युटर होता सुनेचा.

सून म्हणजे पूनम. माहेर किल्लारीचं. लग्नांचे व्हिडिओ ती स्वतः काढते आणि त्यांचं मिक्सिंगही घरीच करते. गिरणीच्या मागच्या खोलीत, जिथं आधी पेंडीची पोती असायची, तिथं तिचं टेबल. मुलगा सुदर्शन पोकलेन चालवतो. कुठं रस्त्याचं मोठं काम निघालं की तिकडं, सध्या गुजरातेत. सणाला येतो, चार दिवस झोप काढतो आणि जातो. म्हणजे घरात माणसं दोनच. पुढच्या खोलीत सासू दळणार आणि मागच्या खोलीत सून नवरदेवाला घोड्यावर बसवून ढगातून उतरवणार. लोकांना काय आवडेल ते सांगता येत नाही. एका नवरीच्या बापानं तर मुलीच्या मागं ताजमहाल पाहिजे म्हणून हट्ट धरला होता, आणि पूनमनं तो आणून ठेवला.

तर ते जुनं यंत्र उन्हाळ्याच्या तोंडावर बंद पडलं. पूनमनं ते उघडलं. आतल्या पंख्याला पिठाचा असा थर बसला होता की उलथन्यानं खरवडावा. गुणाबाई दारात उभी राहून बघत होती.

"गव्हाचं हाय का ज्वारीचं?" तिनं विचारलं.

"मामी, मिसळीचं हाय," पूनम म्हणाली (सासूला ती मामीच म्हणते), आणि दोघी हसल्या. पण गुणाबाईला ते लागलं. आपल्या गिरणीनं पोरीचं यंत्र खाल्लं, असं तिच्या मनानं घेतलं.

त्यातच लातूरच्या एका मोठ्या स्टुडिओचा निरोप आला. पूनमचं काम त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. लग्नसराई तोंडावर, त्यांच्याकडं माणसं कमी. त्यांचं म्हणणं असं, की एका लग्नाचं आख्खं चित्रीकरण पाठवतो, सोमवारपर्यंत व्हिडिओ तयार करून दाखवा. घरून जमलं तर पुढचं कामही घरी देऊ. नाही जमलं तर लातूरला या, खोली बघून देतो, आमच्या यंत्रावर बसा.

गुणाबाईनं यातून आपल्यापुरता अर्थ काढला, आणि तो अगदी सरळ होता. कॉम्प्युटर चांगला झाला की पूनम मुरुडात राहते. चांगला नाही झाला की लातूरला जाते. पूनमनं जाऊ नये, असं तिला वाटत होतं. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पूनमजवळ तर नाहीच. सुनेला धरून ठेवणारी सासू असं नाव पडायला वेळ लागत नाही. पण खरं ते खरं. मुलगा लहान असताना, त्याला शाळेला पाठवल्यावर घरात जे सुनसान व्हायचं, ते तिला परत नको होतं. आणि दुसरं म्हणजे, तिच्याशी तिच्याइतकंच ओरडून बोलणारं गावात एकच माणूस होतं. बाकी सगळे तिच्यासमोर हळू बोलतात आणि मग तिला ऐकू येत नाही म्हणून वैतागतात.

नवं यंत्र पूनम स्वतःच जोडणार होती. महिनाभर ती फोनवर ते कसं जोडायचं याचे व्हिडिओ बघत होती आणि जेवताना सासूला सांगत होती. प्रोसेसर म्हणजे यंत्राचं डोकं. मदरबोर्ड म्हणजे ते डोकं ज्यावर बसतं ती पाटी. आणि ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीनं जेवढा वेग ठरवून दिलाय, त्यापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा.

"कामून?" गुणाबाईनं विचारलं होतं. "कंपनीनं ठरवलंय ते काय उगंच? मोटार तिच्या वर पळवली तर पीठ करपतंय."

"कंपनी हातचं राखून सांगती, मामी. त्याच्यात दम असतोय, दावत न्हाई."

हे मात्र गुणाबाईला पटलं. हातचं राखणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

तर पूनमनं प्रोसेसर पसंत केला तो निळ्या डब्यातल्या कंपनीचा. त्यातही ज्याच्या नावाच्या शेवटी के आहे, तोच. के असला तरच तो पळवता येतो. आणि त्याच्यासाठी बोर्ड पाहिजे झेड नावाचा. लातूरच्या दुकानांत तो संपलेला. नांदेडला वजिराबादेत अमानचं दुकान आहे, तिथं एक होता. पूनमनं फोनवर प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हींचे पैसे भरून ते बाजूला काढून ठेवायला सांगितलं. नेमकं त्याच आठवड्यात नांदेडला गुणाबाईच्या बहिणीच्या नातवाचं लग्न होतं, आणि पूनम मात्र किल्लारीजवळच्या एका लग्नाला कॅमेरा घेऊन जाणार होती. मग ठरलं, की मामी लग्न उरकून येताना डबे घेऊन येतील. पूनमनं तिला दोन्ही अक्षरं ओळखायला शिकवली. के म्हणजे उभ्या काठीला फुटलेल्या दोन फांद्या. झेड म्हणजे विजेच्या डीपीवर धोक्याची खूण असते तसला वाकडा कडका. गुणाबाईनं ती गिरणीच्या ओट्यावर पिठात बोटानं काढून दाखवली. दोन्ही बरोबर आली.

नांदेडात लग्न झालं, आहेर झाले, आणि दुसऱ्या दिवशी गुणाबाई रिक्षानं वजिराबादेत उतरली. दुकान अरुंद, आत खोल गेलेलं. आधी तिथं अमानचे वडील गुलाम रसूल रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेले, तरी पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे. अमानची आई बेगमबी दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत असते. तिनं गुणाबाईलाही दिलं.

अमान चाळिशीचा, चष्मा कपाळावर ढकललेला. गुणाबाईनं नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला, आणि त्याचा चेहराच सांगत होता की काहीतरी बिनसलंय.

"मावशी, बसा. एक घोटाळा झालाय. ताईचा झेड बोर्ड मी बाजूला ठेवला व्हता. काल मी बाहेरगावी गेलो, आन् माझ्या भावानं, सद्दामनं, गिऱ्हाईकाला देऊन टाकला. त्याला म्हाईत नव्हतं."

"मंग दुसरा दे."

"दुसरा न्हाई ना. मुंबईवरून मागवावा लागतंय. पुढचा आठवडा उजाडंल."

पुढचा आठवडा म्हणजे सोमवार गेला. गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता काय करायचं?" असं ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

अमाननं टेबलावर डबे मांडले. माणूस सरळ होता, तिला फसवायचं त्याच्या मनात नव्हतं. पण त्यानं समजावून सांगायला सुरुवात केली आणि सगळं बिघडलं.

"हे बगा मावशी. ह्यो तुमचा निळा प्रोसेसर, के वाला. ह्याला पळवायचं तर झेड बोर्डच लागतंय. माझ्याकडं बी बोर्ड हाय. त्याच्यावर ह्यो बसतंय, चालतंय, पण पळत न्हाई."

"बसतंय, चालतंय, पळत न्हाई," गुणाबाई म्हणाली. "म्हंजे माझ्यावानी."

"हाव. आन् हा दुसरा, लाल कंपनीचा प्रोसेसर. त्याला के लागत न्हाई. त्याच्यासंगं लालचा बी बोर्ड. ह्यो पळतंय."

"आत्ताच मनलास की पळत न्हाई."

"निळ्याचा बी पळत न्हाई. लालचा बी पळतंय."

आता आपल्याकडं 'बी' म्हणजे 'सुद्धा', हे काय सांगायचं? गुणाबाई जन्मभर तेच बोलत आली. मी बी येते, तू बी ये, भाकर बी घे. तेव्हा तिला ऐकू आलं ते असं, की निळ्याचासुद्धा पळत नाही आणि लालचासुद्धा पळतो. म्हणजे आणखी कुणीतरी तिसरा आहे जो पळत नाही, आणि चौथा आहे जो पळतो, आणि त्यांचं नाव हा माणूस सांगत नाहीये.

"लालच्या अगुदर कोण पळतंय?" तिनं विचारलं.

"कोण म्हंजे?"

"लालचा बी मनलास न्हवं. म्हंजे आणखी कुणाचा तरी असंल."

अमाननं चष्मा डोळ्यांवर घेतला. "न्हाई न्हाई मावशी. बी. बोर्डाचं नाव हाय. ए, बी, सी मधलं बी."

"बोर्डाचं नाव बी?"

"हाव."

"बी कसलं? पेरायचं?"

दारातून बेगमबी खुसखुसली. "मेरेकू भी बुलाए क्या रे कोई? सुबेसे बी बी बी चल्लाय."

गुणाबाईलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. बियाणं म्हटलं की तिला कृषी केंद्राचं दुकान आठवायचं. मागितलेलं बियाणं नसलं की दुकानदार दुसरंच गळ्यात मारतो, आणि वर सांगतो की हे त्याच्याहून भारी आहे. एका वर्षी तसलं सोयाबीन घेतलं होतं, अर्धं उगवलंच नाही. तिनं अमानकडं जरा निरखून पाहिलं. बिचारा कपाळ पुसत उभा होता.

मग पूनमला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मांडवात असणार, अक्षता पडत असतील, फोन पिशवीत. अमाननं चारी डब्यांचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, झेड विकला गेला, काय करू. चहा आला. चहा संपला. बेगमबीनं गुणाबाईला गुडघ्यांबद्दल विचारलं, गुणाबाईनं बेगमबीला सुनांबद्दल. आणि मग फोन वाजला. पूनमनं बोलून निरोप पाठवला होता. अमाननं आवाज मोठा करून लावला.

आधी बँडबाजा. मग कुणीतरी "नवरीच्या मामाला बोलवा" म्हणून ओरडलं. मग पूनमचा आवाज, घाईघाईनं: "झेड नसला तरी बी चालतंय मामी…" आणि त्यापुढं बँडवाल्यानं असा काही ढोल बडवला की सगळं त्यात बुडालं.

"झालं," अमान म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. "बी चालतंय मनली. बी बोर्ड द्या मनली."

"कुठं मनली?" गुणाबाई म्हणाली. "तरी बी मनली. तरी बी म्हंजे तरी बी. झेड नसला तर नसू द्या, मनली."

"झेड नसला तरी, बी चालतंय. साफ बोल्लीय की मावशी."

"आरं, मी माझ्या सुनेचं बोलणं वळखत न्हाई का? नसला तरी बी चालतंय. 'तू आला न्हाईस तरी बी चालतंय' मनतोत तसं."

"मंग काय नेता? बोर्ड न्हाई नेला तर प्रोसेसर कशावर बशिवनार?"

"आणखी एकदा लाव," गुणाबाई म्हणाली. निरोप परत लावला. परत बँड, परत मामा, परत तेच. बेगमबीनं मान पुढं करून ऐकलं आणि सांगितलं की तिला तर शेवटी 'लाल' असं काहीतरी ऐकू आलं. अमान म्हणाला, अम्मी, ते 'चल' आहे, मागचा माणूस घोड्याला चल म्हणून राहिला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा गुणाबाईला पूनमच्या आवाजातली घाई तेवढी कळली आणि शब्द पहिल्यापेक्षाही कमी कळले. पुन्हा फोन केला. आता तो लागेचना. किल्लारीच्या पलीकडं गेलं की तसंही फोनचं काही खरं नसतं.

गुणाबाई डबे मांडीवर घेऊन बसली. एकीकडं निळा, के वाला, दोन फांद्या स्पष्ट दिसत होत्या. दुसरीकडं लाल. मध्ये दोन बोर्ड, दोन्ही बी, एक निळ्याचा आणि एक लालचा. दिसायला दोन्ही सारखे. कोणता चांगला, कोणता वेगाचा, कोणता थंड राहतो, हे सगळं अमान परत सांगत होता आणि ती मान हलवत होती, पण तिच्या डोक्यात एकच प्रश्न चालला होता. यातला कुठला डबा नेला की पूनम मुरुडात राहते? आणि हा प्रश्न अमानला विचारता येण्यासारखा नव्हता.

"तुझ्या घरचं काम असतं तर तू काय नेलं असतंस?" शेवटी तिनं विचारलं.

"लाल," अमान पटकन म्हणाला. मग थांबला. "पर ताईनं के पायजे मनून लई वेळा सांगितलंय. त्यो सोडून मी लाल दिला, आन् ताई चिडली, तर मी काय सांगू? तुमी सोचके बोला."

म्हणजे त्यालाही पक्कं माहीत नाही, असं गुणाबाईनं धरलं. आणि मग तिनं जो विचार केला तो कालच्या मांडवातून उठून आलेल्या बाईचा विचार होता. पूनमनं महिनाभर बघून, पारखून हा के पसंत केलाय. जेवताना त्याचं नाव घेते. बोर्ड काय, त्याला बसायला जागा. मुलगा पसंत पडला आणि ठरलेलं मंगल कार्यालय मिळालं नाही, तर कार्यालय बदलतात. मुलगा कुणी बदलतं का?

"ह्यो निळा, आन् निळ्याचा बी," ती म्हणाली. "बांध."

"मावशी, मंग ह्यो पळणार न्हाई."

"चालंल तर खरं?"

"चालंल."

"मंग बांध."

अमाननं बेगमबीकडं पाहिलं, बेगमबीनं छताकडं. डबे बांधले गेले. म्हणजे होती नव्हती त्यातली सगळ्यात वाईट जोडी गुणाबाईनं निवडली. पळणारं डोकं घेतलं आणि न पळू देणारी पाटी घेतली. अमाननं ते तोंडानं सांगितलं होतं, बिचाऱ्यानं लपवलं नव्हतं. पण सुनेची पसंती टाकून दुसरंच काहीतरी घरी न्यायचं, हे तिच्या हातून झालंच नसतं.

एसटीत लोहा येईपर्यंत तिला वाटत होतं, आपण बरोबर केलं. अहमदपूर येईपर्यंत वाटायला लागलं, लाल घ्यायला पाहिजे होता. लातूरला गाडी बदलताना तर तिला स्वच्छ ऐकू आलं की पूनम निरोपात "बी नको" म्हणाली होती. मुरुडला उतरली तेव्हा तिला काहीच वाटत नव्हतं, डोकं नुसतं गरगरत होतं.

पूनम तिच्या आधी घरी पोचली होती. तिनं पिशवीतून डबे काढले, बोर्डाचा डबा उजेडात धरला आणि वरचं अक्षर वाचलं.

"मामी, हे बी हाय."

"हाव, बी हाय. तूच मनलीस की, तरी बी चालतंय."

"मी मनले, झेड नसला तरी बी चालतंय मामी, लालचं बगा, सगळं लालचं घ्या." पूनमनं कपाळाला हात लावला. "लालचं ऐकू न्हाई आलं?"

"ढोल वाजायला होता," गुणाबाई म्हणाली. बेगमबीला जे ऐकू आलं होतं तेच खरं निघालं. गुणाबाईला रडायला यायचं बाकी राहिलं. "उद्या जाते मी. बदलून आणते."

"उद्याचा दिवस जाण्या-येण्यात गेला तर काम कधी करू?" पूनम खाली बसली. डबा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाली, "राहू द्या. हाय त्याच्यावर बघू. पळत न्हाई तर न्हाई."

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाईनं जे केलं ते मुरुडात कुणी विसरणार नाही. तिनं गिरणी बंद ठेवली. सुतक नाही, वीज आहे, पट्टा धड आहे, ऐन लग्नसराईत घराघरातून डबे यायला लागलेत, आणि गिरणीला कुलूप. गिरणी सुरू झाली की मागच्या खोलीतला दिवा मंद होतो, यंत्राला ते मानवत नाही. आणि पीठ उडतं ते वेगळंच. तिनं मागच्या दाराला ओलं लुगडं बांधलं, खोली दोनदा पुसून काढली आणि पुढच्या ओट्यावर राखणीला बसली. दळण घेऊन आलेल्या बायकांना ती सांगायची, "आत काम चालू हाय." बायका विचारायच्या, कसलं? "कॉम्प्युटरचं. बी चं," ती म्हणायची. बायका डोक्यावरचा डबा सावरत दुसऱ्या गिरणीला जायच्या.

आत पूनमनं यंत्र जोडलं. ते पहिल्या फटक्यात सुरू झालं. पळवता येत नव्हतं हे खरं, पण जुन्यापुढं ते नुसतं चाललं तरी कितीतरी होतं. शुक्रवार, शनिवार, रविवार ती त्या लग्नावर बसली. गुणाबाई मध्येच लुगडं बाजूला करून डोकवायची. "झालं का?" "व्हायलंय मामी." "गरम व्हायलंय का?" "न्हाई." तिनं भाकरी केल्या, ताट आत नेऊन दिलं, पंख्याचं तोंड यंत्राकडं केलं आणि स्वतः घामानं भिजत बसली. रविवारी सगळे तुकडे जोडून व्हिडिओ बाहेर पडला तेव्हा पूनमनं तिला खुर्चीत बसवून तो दाखवला. कुणाच्या तरी पोरीचं लग्न होतं, ओळखीचं कुणी नव्हतं. तरी पाठवणीच्या वेळी गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "चांगलं केलंस," ती म्हणाली. मनातून तिला वाटत होतं, आपणही केलंय.

सोमवारी पूनम काम घेऊन लातूरला गेली. गुणाबाईनं कुलूप काढलं आणि राहिलेली दळणं सुरू केली. आज तिला हलकं वाटत होतं. चुकीची का होईना, जोडी चालली. पोर घरी राहणार.

दुपार कलली तशी पूनम परत आली. ओट्यावर टेकली, चपला काढल्या. गुणाबाईनं मोटार बंद केली.

"पसंत पडलं?"

"लई पसंत पडलं, मामी. घरच्या मशीनवर केलं मनल्यावर त्येंचा विश्वासच बसंना."

"मंग आता घरीच काम देणार."

पूनमनं मान हलवली, पण ती नाही म्हणून. "ते मनले, घरी कशाला बसता? इथं चार मशीन हायेत, चार जणांवर देखरेख करायला माणूस न्हाई. तुमीच या. परवापासून."

"तू काय मनलीस?"

"हाव मनले." मग ती सासूकडं वळली. "मला जायचंय मामी. मला लई दिवसांपासून वाटायलंय. सुदर्शनला बी मघाशी फोन केला, त्यो जा मनला. तुमाला कसं सांगावं ते कळत नव्हतं."

गुणाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले. तिचा हिशेब कुठं चुकला तेच तिला कळेना. यंत्र बिघडलं तर पूनम जाणार होती. यंत्र चाललं तर राहणार होती. यंत्र तर चाललं. तिनं गिरणी बंद ठेवून चालवलं.

"आन् मी झेड आणला असता तर?" तिनं विचारलं.

"तर काय? पळालं असतं. शनिवारीच काम झालं असतं. कालच नेऊन दिलं असतं."

"म्हंजे एक दिवस आधी गेली असतीस."

पूनमनं जरा विचार केला. "हाव. एक दिवस आधी."

"मंग बीच बरा," गुणाबाई म्हणाली. "तेवढाच एक दिवस ऱ्हायलीस."